आंबा थंडी मोजतो, कोशिंब दिवस

माघ लागला की कोकणातल्या परड्यात पातेरा साचू लागतो. रोज झाडावा तेवढा रोज पडतो. पण त्याच परड्यात काजू मोहोरलेला असतो, फणसाच्या खोडाला कुयऱ्या लागलेल्या असतात, हापूसच्या कलमांवर मोहोर आणि वाटाण्याएवढी फळं एकत्र दिसतात. पाच-सहा आठवड्यांत कोशिंबाचं उघडं झाड तांबड्या पालवीनं भरून जातं. सगळं एकाच गडग्याच्या आत घडतं, म्हणून आपण त्याला सरसकट ‘वसंत’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात ही झाडं वेगवेगळ्या खुणांवर चालतात, आणि त्या खुणांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

युरोपातला वसंत समजायला तुलनेनं सोपा. तिथं गोठलेली जमीन सुटते, ऊब येते, पाणी मिळतं आणि कळ्या उघडतात. आपल्याकडे उलटं आहे. पाऊस ऑक्टोबरात संपतो, पुढचा जूनमध्ये. मधल्या काळात जमीन वाळत जाते आणि फाल्गुन-चैत्रात, वरचा थर सर्वांत कोरडा असताना, झाडं नवी पानं काढतात. पाण्याची इतकी ओढ असताना हा खर्च कशासाठी?

त्याकडे येण्याआधी आंबा. हापूसचा बागायतदार डिसेंबरात रोज पहाटेच्या थंडीचा अंदाज घेत असतो, आणि ते योग्यच आहे. फांदीच्या टोकाच्या डोळ्यातून काय बाहेर पडेल, पालवी की मोहोर, हे ठरवण्यात थंडीचा मोठा वाटा आहे. नियंत्रित तापमानात वाढवलेल्या आंब्याच्या रोपांवर हे पडताळून पाहिलेलं आहे. दिवसरात्र ऊब राखली तर डोळ्यांतून नुसती पालवी येते. हवा थंड ठेवली तर मोहोर येतो. मात्र थंडी ओळखतात ती जून झालेली पानं. त्यांच्यात तयार झालेला मोहोराचा संदेश, म्हणजे ‘फ्लोरिजेन’ नावाचं प्रथिन, अन्नरसाबरोबर डोळ्यापर्यंत पोचतो. त्या वेळी पानं काढून टाकली तर थंडी पडूनही मोहोर येत नाही. किनाऱ्यावर कडाक्याची थंडी कधीच नसते, तरी तिथं आंबा मोहोरतो याचं कारणही पानांच्या वयात आहे. फांदी चार-पाच महिने जुनी असेल तर तिला बेताचा गारवाही पुरतो. म्हणून पाऊस लांबला, ऑक्टोबरात झाड पालवीवर गेलं, की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. कोवळी पानं जून होईपर्यंत मोहोर पुढं ढकलला जातो.

गंमत पुढं आहे. मोहोर वेळेवर यावा म्हणून पावसाळ्यात बुंध्याभोवती कल्टार देतात, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. ते झाडातलं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक बनू देत नाही. मग मोहोर येतो, कणी धरते, वाटाण्याएवढी फळं दिसू लागतात आणि जानेवारीत थंडीची नवी लाट येते. झाड पुन्हा मोहोरतं. अन्नरस नव्या मोहोराकडे वळतो आणि आधीची फळं गळतात. हा पुनर्मोहोर रोखायला तेच जिबरेलिन बाहेरून फवारावं लागतं! आधी घालवायचं, मग विकत आणायचं. बागायतीचं सगळं शास्त्र अशा तडजोडींवर उभं आहे. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

कोशिंब, करंज, काटेसावर यांचा कारभार वेगळा. पानगळ हे झाडाच्या दुबळेपणाचं लक्षण वाटतं, पण तिच्यामुळेच पुढची पालवी शक्य होते. पानं गेली की बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबतं. खोल गेलेली मुळं थोडंथोडं पाणी वर पाठवत राहतात, ते आता उडून न जाता खोडात साठतं. काटेसावरीचं हलकं, पोकळसर लाकूड या कामासाठी फारच सोयीचं. खोड पुरेसं भरलं की डोळे फुगायला लागणारा दाब तयार होतो. पाऊस न पडताही झाडानं आपल्यापुरतं पाणी जमवलेलं असतं.

पाणी जमलं, तरी फुटायचं कधी? स्टीफन एलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोर्शर्ट यांनी २००६ मध्ये थायलंडच्या मोसमी जंगलांविषयी लिहिताना वाढत्या दिवसाकडे बोट दाखवलं. अनेक जातींची झाडं वसंतसंपाताच्या सुमारास, पावसाच्या एक-दोन महिने आधी, जवळपास एकाच वेळी पालवतात. रत्नागिरीच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस साधारण अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा तेरा तासांचा. एवढ्याशा फरकातून तारीख काढायची म्हणजे झाडाची नजर बारीक हवी. पण पावसाच्या किंवा थंडीच्या लहरीपेक्षा ती खूण भरवशाची आहे. ती कधी चुकत नाही.

आणि घाई का, याचं एक उत्तर किड्यांकडे आहे. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या पानगळीच्या जंगलात के. एस. मुरली आणि रमण सुकुमार यांनी पालवी आणि तिला खाणारे किडे यांचा अभ्यास केला. कोरड्या दिवसांत लवकर पालवणाऱ्या झाडांची पानं कमी खाल्ली जात होती. पावसाच्या तोंडावर पालवणाऱ्यांचं नुकसान जास्त होतं, असं त्यांनी १९९३ मध्ये मांडलं. पाऊस पडला की पानं खाणाऱ्या किड्यांची फौज वाढते. तोवर लवकर आलेलं पान चिवट झालेलं असतं. शिवाय आषाढातल्या ढगाळ उजेडापेक्षा चैत्र-वैशाखातलं ऊन अन्न बनवायला कितीतरी चांगलं.

कोशिंबाची लाली याच हिशेबातली. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी आणि अँथोसायनिन भरपूर असतं. ते कडक उन्हापासून पानाला वाचवतं, असं काहीजण मानतात. दुसरे म्हणतात, पान चिवट होईपर्यंत त्यात हरितद्रव्याची मौल्यवान गुंतवणूकच करायची नाही, म्हणजे किड्यानं खाल्लं तरी तोटा थोडा. मला दुसरं स्पष्टीकरण कोकणी स्वभावाला धरून वाटतं. दोन्हीही एकाच वेळी खरी असू शकतात.

रात्री गरम होत चालल्या तर या दोन पद्धतींवर सारखा परिणाम होणार नाही. दिवसाची लांबी हवामानबदलानं बदलत नाही. थंडीची वेळ आणि मुदत मात्र बदलते. त्यामुळे आंब्याचं वेळापत्रक विस्कटण्याची शक्यता अधिक, तर दिवस पाहून चालणाऱ्या झाडांना अडचण येईल ती पाण्याची, तारखेची नव्हे. हे तपासायचं तर त्याच झाडाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातली शाळकरी मुलं आणि हौशी माणसं हेच करतात: एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं यांतलं काय किती दिसतं ते लिहायचं. आंबा आणि फणस दोन्ही त्या यादीत आहेत, आणि परड्यात ते बहुधा असतातच.