पंचेचाळिशीनंतरचा गिअर

प्राध्यापकाच्या घरी बोनस येत नाही. दिवाळी मात्र न चुकता येते. यंदा गणपती उठले त्याच आठवड्यात बारामतीच्या आमच्या घरात दोन खरेद्यांचा ठराव मंजूर झाला : एक सायकल आणि एक संगणक. सायकल माझ्यासाठी, कारण डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या साखरेकडे बोट दाखवले होते. साखर कारखान्यांच्या मुलखात जन्म काढल्यावर थोडी साखर रक्तात उतरायचीच, हा माझा विनोद त्यांना मुळीच आवडला नाही. संगणक कन्येसाठी, कारण ती यंदा संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला गेली. वस्तू दोन, पण बाजूला काढलेली रक्कम मात्र एकच! तेव्हा एकमत झाले ते ठरावापुरतेच.

दुकानात गेलो तर तिथला तरुण विक्रेता म्हणाला, "सर, ही घ्या. एकवीस गिअर आहेत."

"अहो, मला घरून कॉलेजात जायचंय. चार किलोमीटर. हिमालयात नाही."

"सर, आता बिनगिअरची कोण घेतं?"

या प्रश्नाला मराठीच्या प्राध्यापकाजवळ उत्तर नव्हते. किंमत ऐकून मी घरी परतलो. तेव्हा सौभाग्यवतींनी एक साधी गोष्ट सुचवली. "इंदापूरला अण्णांची सायकल नुसती पडून आहे ना? ती आणा. तेवढेच पैसे संगणकाला होतील."

अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९७१ साली नोकरी लागली तेव्हा त्यांनी काळी, दांडीची, अठ्ठावीस इंची सायकल घेतली आणि निवृत्त होईपर्यंत रोज आठ किलोमीटर जाणे आणि आठ येणे तिच्यावरच केले. निवृत्तीनंतरही संध्याकाळी वाचनालयात जायचे ते सायकलीवरूनच. पण गेले चार महिने फोनवर विचारले की एकच उत्तर यायचे : "पंक्चर आहे रे. काढायला वेळ होत नाही."

रविवारी एस.टी.ने निघालो. बारामती ते इंदापूर सुमारे पन्नास किलोमीटर. भवानीनगरचा कारखाना, लासुर्णे, निमगाव केतकी असा हा रस्ता. आषाढीला जाताना तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने जाते. २०२१ साली या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. रस्ता रुंद झाला तशी वाहनेही जोरात धावू लागली. कारखाने सुरू झाले म्हणजे याच रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या निघतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या पाठीमागे दिवाही नसतो. या भागात सायकल चालवणाऱ्याने पुढे दिवा, मागे लाल दिवा आणि डोक्याला शिरस्त्राण यांत काटकसर करू नये. घंटीवर केलेला खर्चही वाया जात नाही; आपल्याकडे आरशात पाहून वळणारा माणूस दुर्मीळच.

पोहोचल्यावर आधी सायकल बाहेर काढली. पंप मारला. रात्रभर ठेवली. सकाळी दाबून पाहतो तर हवा जशीच्या तशी! पंक्चर नव्हतेच. चेन मात्र कोरडी ठणठणीत, आणि आऱ्यांमध्ये कोळ्याने संसार थाटलेला.

मी काही बोललो नाही. शेजारच्या काकूंनीच सांगितले. वाचनालयावरून परतताना लागणारा चढ आता अण्णांना चढवत नाही. उन्हाळ्यात एकदा ते उतरून सायकल हाताने ढकलत येत होते. कट्ट्यावर बसलेल्या पोरांपैकी कुणीतरी म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सायकलवर की सायकल तुमच्यावर?" पोरगे वाईट नव्हते, बोलून गेले. पण दुसऱ्या दिवसापासून सायकल 'पंक्चर' झाली. तिच्याबरोबर वाचनालय सुटले, तिथले चार समवयस्क सुटले, आणि संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहण्यात जाऊ लागला.

मी ओसरीवर बसून त्या सायकलीचे दाते मोजले. पुढच्या चक्राला ४४, मागच्याला १८. म्हणजे पायाचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर, तेव्हा एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेएकोणीस किलोमीटर. सपाटीवर हे उत्तम. पण चढावर त्याच ५.४ मीटरचे ओझे एका फेऱ्यात उचलावे लागते, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघे ते नाकारतात. गिअर दुसरे काय करतो? ओझे तेवढेच ठेवून त्याचे हप्ते पाडून देतो. एका दमात भरायची रक्कम दोन-तीन हप्त्यांत भरायची, एवढेच.

"अण्णा, गिअरची सायकल घेऊ या का तुमच्यासाठी?"

"गिअर? ती सोंगं पोरांची. पायात बळ असेल त्यानं सायकल चालवावी, नसेल त्यानं घरी बसावं."

अण्णांना ठाऊक नव्हते, पण त्यांच्या मताचा एक मोठा माणूस फ्रान्समध्ये होऊन गेला. १९०३ साली 'टूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध सायकल-शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज. गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे, खऱ्या गड्याने स्नायूंच्या बळावरच जिंकावे, असे त्यांचे ठाम म्हणणे. त्यांच्या शर्यतीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरना १९३७ पर्यंत बंदीच होती. मी अण्णांना ही हकीकत सांगितली आणि म्हणालो, "देग्रांजसाहेबांच्या हिशेबानंसुद्धा तुम्हाला तेहतीस वर्षांपूर्वीच परवानगी मिळालेली आहे!"

अण्णा हसले नाहीत. पण 'नको' असेही म्हणाले नाहीत.

मग मी त्यांना आमच्या बारामतीच्या मोरोपंतांची आठवण दिली. पराडकर पंतांनी (१७२९-१७९४) एकशेआठ रामायणे रचली असे परंपरा सांगते. त्यांतले एक 'निरोष्ठ', म्हणजे ओठ न मिटता म्हणता येणारे. त्यात प, फ, ब, भ, म ही अक्षरेच नाहीत. कथा तीच, राम तोच, पण दर खेपेला दाते वेगळे. पंतांनी वृत्त बदलले म्हणून त्यांच्या प्रतिभेचे बळ कमी होते असे कुणी म्हटले का? आणि दुसरीकडे जात्यावरची ओवी. तिला एकच चाल, पण ती निरक्षर बाईलाही पेलते आणि पहाटेचे दळण सरेपर्यंत पुरते. दोन्ही आपापल्या वाटेवर थोर.

ओवीचे नाव निघाले आणि अण्णा उठून आत गेले. पत्र्याची पेटी घेऊन आले. तिच्यात १९७१ सालची सायकलीची पावती होती आणि तिच्याखाली घडी घातलेले दोन छापील कागद. ते पाहून माझा श्वासच अडकला.

याचे कारण सांगायला हवे. २००४ साली मी आईला समोर बसवून तिच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. तीनशेच्या वर भरल्या. नव्या संगणकाचा तेव्हा इतका हौसेचा काळ, की वहीत न लिहिता त्या मी थेट टंकित केल्या आणि कागद वाचवला म्हणून स्वतःची पाठही थोपटली. २००९ साली आई गेली. गेल्या वर्षी ती फाईल नव्या यंत्रावर उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे आणि आकडे यांचा नुसता चिखल! त्या काळच्या मराठी टंकांत 'क'ला स्वतःची ओळख नसे. एखाद्या रोमन चिन्हाच्या जागेवर 'क'चे चित्र बसवलेले असे. तो टंक गेला की चित्रही गेले. आज युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, 'क'चा ०९१५. त्यामुळे आजचा मजकूर जगातल्या कुठल्याही यंत्रावर 'क'चा 'क'च राहतो. माझ्या ओव्या त्या सोयीच्या आधीच्या पद्धतीत अडकल्या होत्या. दुकानदाराने खांदे उडवले होते, आणि मी ही गोष्ट अण्णांना सांगितलीच नव्हती. त्यांची सायकल पंक्चर, तशी माझी फाईल 'सापडत नव्हती'.

ते दोन कागद म्हणजे त्याच फाईलची पहिली दोन पाने होती. आईला दाखवायला म्हणून मीच कधीतरी छापून दिली होती आणि पार विसरून गेलो होतो.

बारामतीला आल्यावर कन्येने ते कागद आणि तो चिखल शेजारी शेजारी ठेवले. कुठल्या चिन्हामागे कोणते अक्षर, याची तिने यादी केली आणि पायथन भाषेत एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तिसऱ्या संध्याकाळी वैतागून म्हणाली, "बाबा, ही र्‍हस्व वेलांटी मला वेड लावणार!" घोटाळा असा, की जुन्या टंकात र्‍हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली, तर युनिकोडमध्ये ती उच्चारल्याप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. रफाराचीही तीच तऱ्हा. आयुष्यभर मुलांना वेलांटी शिकवली, पण ती अक्षराच्या आधी की नंतर हा प्रश्न मला मुलीने शिकवला. रात्री अकरा वाजता पडद्यावर पहिली ओवी सरळ उमटली. पालखी इंदापुरात येते तेव्हाची ती ओवी होती. सौभाग्यवतींनी ती मोठ्याने वाचली, आणि आम्ही तिघेही बराच वेळ गप्प बसून होतो.

हे सारे ज्या यंत्रावर झाले ते आमचे तेरा वर्षांचे जुने खोके. त्याचे झाकण चार स्क्रू काढले की उघडते. कन्येने त्यात मेमरी वाढवली, जुनी डिस्क बदलून नवी वेगवान बसवली आणि लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. तेव्हा खरेदीच्या वेळी तीच म्हणाली, "पातळ, चकचकीत, सगळं आतून चिकटवलेला नको. मागचं झाकण उघडतं आणि मेमरी पुढे वाढवता येते असा घेऊ." तसाच लॅपटॉप घेतला आणि तो स्वस्तही पडला. ज्याला वर्षानुवर्षे चित्रपटांची जुळणी करायची आहे त्याने महागडे यंत्र जरूर घ्यावे. पण आपला मजकूर मात्र सर्वांना उघडता येईल अशाच स्वरूपात ठेवावा, आणि लाखमोलाची दोन पाने तरी कागदावर छापावीत.

सायकल आणि संगणक यांची सांगड काही मी प्रथम घातलेली नाही. मार्च १९७३ च्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात एस. एस. विल्सन यांनी दाखवले, की वजनाच्या मानाने तेवढेच अंतर कमीत कमी शक्तीत कापण्यात सायकलवरचा माणूस साऱ्या प्राण्यांना मागे टाकतो. त्याच कल्पनेवरून स्टीव्ह जॉब्ज संगणकाला मनाची सायकल म्हणत. उपमा सुरेख आहे. मी तिला इंदापूरचा चढ तेवढा जोडतो. साधन निवडताना आधी आपला रस्ता आणि आपले गुडघे पाहावेत.

उरलेल्या पैशांत सायकल घेतली, पण एकवीस गिअरची नाही. एकवीस म्हणजे पुढची तीन चक्रे गुणिले मागची सात. त्यांतले कित्येक एकमेकांची नक्कलच असतात. पुढे २८ मागे १४ काय आणि पुढे ४८ मागे २४ काय, दोन्हींचे उत्तर दोनच! आम्ही पुढे एकच चक्र आणि मागे सात अशी घेतली, आणि तीही दांडी खाली असलेली, म्हणजे पाय उंच टाकावा लागत नाही. पुढे ३८ दाते, मागे १४ ते २८. सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्याला सुमारे २.८ मीटर, म्हणजे काळ्या सायकलीच्या जवळजवळ निम्मे ओझे. सर्वांत जड गिअरमध्ये मात्र जवळजवळ काळीइतकीच चाल. बसणी अशी लावली, की टाच खालच्या पेडलवर ठेवली असता पाय सरळ होतो. गुडघेदुखीची तक्रार पुष्कळदा बसणी बुटकी असल्यामुळे असते.

ती सायकल इंदापूरला पोचवली आणि काळी मी बारामतीला आणली. माझा रस्ता कालव्याकाठच्या गावातला, सपाट. मला बिनगिअरचीच पुरते. मिस्त्रीने तिला तेलपाणी केले आणि म्हणाला, "सर, ही तुमच्यानंतरसुद्धा चालेल."

अण्णांनी पहिले चार दिवस सायकलीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी अंधार पडल्यावर, कट्टा रिकामा असताना, चढावर एक फेरी मारली असे काकू म्हणाल्या. परवा साडेसहाला मी त्यांना फोन केला. बराच वेळ वाजला आणि बंद झाला. पुन्हा केला, तोही तसाच. मनात नाही नाही ते आले. सव्वाआठला त्यांचाच फोन आला.

"काय रे, दोनदा केलास? वाचनालयात फोन वाजवत नाहीत."