मुंबईचें सरकारी लॉ कॉलेज व व्यवहारमयूख

मुंबईचें सरकारी लॉ कॉलेज हें आशियांतील सर्वांत जुनें कायद्याचें विद्यालय होय, असें वारंवार लिहिलें जातें. पहिलेपणाच्या या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. आमच्या वाचकांस या संस्थेचें महत्त्व निराळ्या कारणानें आहे. धर्मशास्त्राच्या पोथ्यांवरील अधिकार शास्त्र्यांकडून वकिलांकडे कसा गेला, हें तिच्या वृत्तांतावरून चांगलें कळतें.

सर अर्स्किन पेरी हे १८४७ ते १८५२ पर्यंत मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. शिक्षणमंडळाचें अध्यक्षपदही त्यांजकडे होतें. उच्च शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें हा त्यांचा आग्रह, व त्यास कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनीं केलेला विरोध, हीं प्रसिद्धच आहेत. आमचा कौल शंकरशेटांच्या बाजूस आहे, हें लपविण्याचें प्रयोजन नाहीं. तथापि पेरीसाहेब स्वदेशीं निघाले तेव्हां त्यांच्या सन्मानार्थ जमलेली पांच हजार पौंडांची वर्गणी त्यांनीं कायद्याच्या अध्यापकाची जागा निर्माण करण्याकडे लावविली, हें त्यांस भूषणावह होय. १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें कायद्याचे वर्ग सुरू झाले. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचें, हायकोर्ट १८६२ चें. म्हणजे विद्यालय या दोहोंहूनही वडील आहे.

त्या काळीं हिंदु कायद्याचा प्रश्न निघाला म्हणजे अदालत आपल्या पदरच्या शास्त्र्यास विचारी, आणि शास्त्री मिताक्षरा, मयूख इत्यादि ग्रंथांच्या आधारें व्यवस्था देई. ही पद्धति १८६४ च्या ११ व्या कायद्यानें बंद झाली. शास्त्र न्यायाधीशास ठाऊक आहे असें धरून चालण्याचें ठरलें. प्रत्यक्षांत पुष्कळांची भिस्त कोलब्रुकच्या मिताक्षरेवर व बोराडेलच्या मयूखावर, म्हणजे इंग्रजी भाषांतरांवर, राहिली. वेस्ट व ब्यूलर यांनीं १८६७ पासून शास्त्र्यांचीं उत्तरें निवडून प्रसिद्ध केलीं नसतीं, तर त्या पिढीचें ज्ञान दप्तरांतच राहिलें असतें. ब्यूलर हे पोथ्यांचे मोठे संग्राहक. त्यांनीं सरकारसाठीं मिळविलेल्या अनेक पोथ्या आज भांडारकर संस्थेंत आहेत.

मूळ ग्रंथ पाहण्याची गरज किती, हें एका उदाहरणावरून दिसेल. वारसांमध्यें बहिणीचें स्थान कोणतें? नीळकंठभट्ट म्हणतात कीं, ती भावाच्याच गोत्रांत जन्मली, म्हणून तीही गोत्रज. विवाहानें ती सगोत्र राहत नाहीं, एवढेंच. गोत्रज आणि सगोत्र या दोन शब्दांतील या भेदावर मुंबई इलाख्यांत बहिणीस वारसांत वरचें स्थान मिळालें. इतर प्रांतांत तितकें तें नव्हतें. भाषांतरकाराच्या हातून हा भेद निसटला असता, तर कित्येक बहिणी हक्कास मुकल्या असत्या. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनीं १८८० सालीं मयूख व याज्ञवल्क्यस्मृति यांस हात घातला तो उगाच नव्हे.

लॉ कॉलेजांत शिकविणारे बहुधा हायकोर्टांत वकिली करणारेच असत. त्यामुळें तेथील व्याख्यानास खटल्याचा वास येई, आणि शास्त्राचा वास क्वचित्. या रीतीस मोठा अपवाद पांडुरंग वामन काणे यांचा. ते १९१७ ते १९२३ पर्यंत तेथें अध्यापक होते. त्यांनीं संपादिलेला व्यवहारमयूख १९२६ सालीं पुण्यास भांडारकर संस्थेनें छापला. त्याच कामाच्या ओघांत हातीं घेतलेला धर्मशास्त्राचा इतिहास १९३० पासून १९६२ पर्यंत खंडशः निघत राहिला. इंग्रजीच्या कैवाऱ्याच्या स्मारकांतून उभ्या राहिलेल्या विद्यालयाच्या अध्यापकानें मयूखाची चिकित्सा करावी, ही गोष्ट शंकरशेटांसही आवडली असती.

पुढें १९३५ ते १९३८ पर्यंत डॉ. भीमराव आंबेडकर तेथें प्राचार्य होते. हिंदु कोडाचें बिल रखडलें म्हणून १९५१ सालीं त्यांनीं कायदेमंत्रिपद सोडलें. पण १९५६ च्या वारसा-कायद्यानें अखेर मयूखाचा वारसक्रम कोर्टांतून उठविला, आणि मुलीस मुलाच्या बरोबरीनें वारसांच्या पहिल्या वर्गांत बसविलें. नीळकंठभट्टांनीं बहिणीसाठीं जें केलें त्याच्या हें पुष्कळ पुढचें पाऊल होतें.

मयूखाचा अंमल गेला, तरी त्याच्या पोथ्या व शास्त्र्यांचीं व्यवस्थापत्रें यांचें मोल उणें झालेलें नाहीं. वेस्ट व ब्यूलर यांच्या ग्रंथांत उत्तरें निवडून आणि इंग्रजींत आलीं आहेत. ज्यांच्या संग्रहांत जुन्या वकिलांचीं दप्तरें असतील, त्यांनीं तीं एकदां उलगडून पाहावीं. व्यवस्थापत्र सांपडल्यास अदालतीचें ठिकाण, मिति, शास्त्र्याचें नांव व आधारवचनें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. अशुद्ध वाटलेलें अक्षर सुधारूं मात्र नये.