बोटाचा अंदाज आणि तापमापकाचा आकडा

विरजण लावण्यापूर्वी दुधात करंगळी बुडवून पाहण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बोटाला सोसवले की दूध कोमट झाले, असा तो अंदाज. तरुण हातांना तो सहसा दगा देत नाही. परंतु वय वाढते, मधुमेह जुना होतो, तशी नसांची जाणीव मंदावते. बहुधा प्रथम पावलांची आणि पुढे काहींच्या हातांचीही. मग बोटाला कोमट वाटणारे दूध प्रत्यक्षात पुष्कळ गरम असू शकते. विरजण फसले तर नुकसान पातेलेभर दुधाचे. पण तोच हात अंघोळीच्या पाण्यात फसला, तर कातडी भाजते, आणि मधुमेही व्यक्तीची जखम लवकर भरून येत नाही.

आंबवण्याच्या प्रत्येक कामात उष्णतेचा हिशेब असतो. दह्यातील उपयुक्त जीवाणूंना ४० ते ४३ अंश सेल्सिअस मानवते. दूध फार गरम असेल तर ते मरतात, थंड असेल तर सुस्तावतात. बिअर गाळणाऱ्यांनाही काढा निवल्यावरच त्यात यीस्ट घालावे लागते. उष्णतेच्या अचूक मापनासाठी विख्यात झालेले इंग्लंडचे शास्त्रज्ञ जेम्स ज्यूल (१८१८-१८८९) हे बिअर उत्पादकाच्याच घरातले होते, हा निव्वळ योगायोग नसावा.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत ज्यांची हयात गेली, त्यांना एक गोष्ट ठाऊक असते : उपकरण तपासल्याशिवाय त्याच्या आकड्यावर विसंबायचे नाही. हीच शिस्त स्वयंपाकघरात आणावी.

प्रथम उपकरणाची निवड. ताप मोजण्याचा काचेचा तापमापक दुधात कधीही बुडवू नये. त्याची मर्यादा ४२ अंशांच्या आसपास संपते. अधिक उष्णतेने तो फुटतो आणि आतील पारा विषारी असतो. करोनाच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर रोखण्याची ‘गन’ही येथे उपयोगी नाही. ती फक्त पृष्ठभाग मोजते, शिवाय वाफ आणि चकचकीत स्टीलचे भांडे तिला चकवतात. अन्नासाठी मिळणारा, लांब सळईचा डिजिटल तापमापक घ्यावा.

आता त्याची परीक्षा. पेला बर्फाच्या चुऱ्याने काठोकाठ भरून त्यात थोडे थंड पाणी ओतावे, ढवळावे आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. सळईचे टोक तळाला वा काचेला न टेकवता मधोमध धरावे. आकडा शून्य यावयास हवा. मग खळखळ उकळत्या पाण्यात, तळाला न टेकवता, पाहावे. पालघर-बोईसर समुद्रसपाटीच्या जवळ असल्याने तेथे १०० अंश दिसावेत. मात्र आपण सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरील जव्हारला राहत असाल, तर साधारण ९८.५ अंशच दिसतील. हा उपकरणाचा दोष नव्हे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी लवकर उकळते. दोन्ही ठिकाणी सारखीच चूक, समजा दोन अंश जास्त, दिसली, तर तेवढी वजाबाकी लिहिलेली चिठ्ठी उपकरणाला चिकटवावी. चूक दोन ठिकाणी वेगवेगळी असेल, तर दुसरे उपकरण घेणेच श्रेयस्कर.

मोजण्याचीही एक रीत आहे. सळई आधी धुऊन घ्यावी. पातेल्यात वरचे दूध आणि तळचे दूध सारखे गरम नसते, म्हणून आधी ढवळावे, सळई मध्यभागी बुडवावी आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. साय बाजूला सारण्यास विसरू नये. दही लागल्यावर ते शीतकपाटात ठेवावे. तेथील तापमान ५ अंशांहून अधिक नसावे. वृद्धांची प्रतिकारशक्ती क्षीण असते आणि शिळ्या अन्नाची बाधा त्यांना लवकर जडते.

हाच तापमापक अंघोळीच्या बादलीलाही लावावा. पाणी ३७-३८ अंशांच्या आसपास असावे, ४० च्या वर जाऊ देऊ नये. पावले बधिर असतील तर गरम पाण्यात पाय बुडवून ठेवणे टाळावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजीच्या हातची चव तापमापकाने हिरावली जात नाही. उलट ज्या हातांनी जन्मभर अचूक अंदाज बांधला, त्या हातांना उतारवयात तो आधार देतो.