फायरवॉलच्या नोंदी टेलला पोचतात का?



काट्यावरचं वजन आता संगणकात जातं. बाहेरून कुणी घुसून त्यात फेरफार केला तर कळणार कसं, असं गट ऑफिसात बऱ्याच जणांनी विचारलं. हा विषय शेतकी खात्याचा नव्हे, पण विचारलं मला, म्हणून संगणक विभागात बसून समजून घेतलं ते लिहितो.

कारखान्याचे संगणक आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामध्ये फायरवॉल नावाची पेटी असते. वजन किती झालं हे ती सांगत नाही. कोण आलं, कधी आलं, कुणाला अडवलं, एवढं टिपते. पेटीत जागा थोडी, त्यामुळे नव्या नोंदी आल्या की जुन्या पुसल्या जातात. शिवाय चोर आत शिरलाच तर आधी हीच वही फाडणार. म्हणून नोंदीची प्रत लगेच दुसऱ्या संगणकावर पाठवतात. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानं अशा नोंदी १८० दिवस जपणं बंधनकारक केलं.

खोड इथंच आहे. ही प्रत बहुधा 'सिसलॉग' पद्धतीनं, यूडीपी मार्गानं, ५१४ नंबरच्या पोर्टवर जाते. यूडीपी म्हणजे पेटीत टाकलेलं साधं पोस्टकार्ड, पोच मिळत नाही. फायरवॉल म्हणते पाठवलं, तिकडं वही कोरी, आणि महिनोन्‌महिने कुणाला पत्ता नाही.

आता उपसा योजनेच्या पाईपलाईनीला आपण करतो तेच करायचं. टेलला पाणी नाही म्हणून कुणी लगेच मोटार खोलत नाही, एकेक चेंबर बघत जातो. आधी फायरवॉलमधून पाकिटं बाहेर पडतात का ते बघावं. पडत नसतील तर नियमावर नोंद ठेवायची खूणच केलेली नसते, नाहीतर फक्त गंभीर नोंदी पाठवा असं ठरवलेलं असतं. पडत असतील तर 'टीसीपीडंप' लावून घेणाऱ्या संगणकावर बघावं. तिथं आली नाहीत तर वाटेत कुणीतरी ५१४ अडवतंय. आली पण वहीत उतरली नाहीत, तर डिस्क भरलेली असेल, किंवा संगणक टीसीपीची वाट बघतोय आणि पेटी यूडीपीनं पाठवतेय.

सगळ्यात फसवं घड्याळ. पेटी ग्रीनिचची वेळ लिहिते, आपण भारतीय वेळेनं शोधतो. फरक साडेपाच तासांचा. पहाटे अडीचची गोष्ट आदल्या तारखेला रात्री नऊला लिहिलेली सापडते, आणि आपण म्हणतो नोंदच नाही!

टीसीपीवर टीएलएसचं कुलूप लावून ६५१४ पोर्टानं पाठवणं मला जास्त बरं वाटतं. मात्र त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपली की पुरवठा बंद. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि शेवटची नोंद किती वाजताची आहे हे रोज सकाळी बघावं.

— ऊस विकास अधिकारी