घरी बांधलेले विमान आणि इंजिनातले पाणी

वैशाखात चांदूर रेल्वेहून अमरावतीला जाताना एखादा ट्रक बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभा दिसतो. रेडिएटरमधून वाफ निघत असते आणि क्लीनर पाण्याचा डबा घेऊन इंजिन निवण्याची वाट पाहत असतो. ट्रकला असे थांबता येते, विमानाला नाही. म्हणून स्वतः विमान बांधणाऱ्याला या पाण्यावर फार बारीक नजर ठेवावी लागते.

घरी विमान बांधणे ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली.

छोट्या विमानांची पुष्कळशी इंजिने केवळ वाऱ्याने थंड होतात. परंतु हौशी मंडळींत लोकप्रिय असलेल्या ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स ९१२ इंजिनात सिलिंडरची हेडे ग्लायकॉल मिसळलेल्या पाण्याने थंड करतात. कोणी मोटारीचे इंजिन बसवले, तर बहुधा सारा भार पाण्यावरच पडतो.

उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी लवकर उकळते. समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळणारे साधे पाणी ३,००० मीटर उंचीवर सुमारे ९० अंशांवरच उकळू लागते. यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातला आहे. प्रेशर कुकरप्रमाणे रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते, त्यामुळे उत्कलनबिंदू वाढतो. झाकण सैल झाले किंवा नळी चिरली, की हा दाब जातो व पाणी उकळून बाहेर पडते.

खरी मेख पुढेच आहे. वैमानिकापुढील काटा पाण्याचे तापमान सांगतो. पाणी शिल्लक आहे की नाही, हे सांगत नाही. पाणी गळून गेले की तापमान मोजणारा संवेदक कोरडा पडतो. त्याला उष्णता नीट पोचत नाही. काटा थबकतो, प्रसंगी खालीही येतो. धातू मात्र तापतच जातो. वैमानिक निर्धास्त आणि इंजिन जळण्याच्या बेतात!

म्हणून जाणकार पाण्याच्या तापमानाबरोबर त्याचा दाब आणि हेडच्या धातूचे तापमानही मोजतात. इंजिन तापल्यावर चढलेला दाब एकाएकी पडला, तर गळतीची सूचना लवकर मिळते व उतरण्याजोगे मैदान शोधायला अवधी उरतो. शिवाय उड्डाणापूर्वी, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी डोळ्यांनी पाहावीच लागते.

एकाच साक्षीदाराच्या शब्दावर निकाल देऊ नये, हे इतिहासाचा विद्यार्थी जाणतो. वैमानिकाला तर तो निकाल हवेत असताना, काही मिनिटांतच द्यावा लागतो.