बेडाक्विलिन : क्षयरोगावरील नव्या प्रतिजैविकाचे लाभ आणि धोके

रिफॅम्पिसिननंतर सुमारे चार दशके क्षयरोगावर नव्या कार्यपद्धतीचे एकही औषध उपलब्ध झाले नव्हते. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बेडाक्विलिनला मान्यता दिली आणि ही कोंडी फुटली. क्षयजंतूला ऊर्जा पुरविणाऱ्या एटीपी सिंथेज या विकरालाच हे औषध निकामी करते. आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन या दोन्ही प्रमुख औषधांना दाद न देणाऱ्या बहुऔषधप्रतिरोधी क्षयरोगात म्हणूनच त्याचे मोल मोठे आहे.

मात्र ही मान्यता गंभीर इशाऱ्यासह मिळाली होती. एका चाचणीत बेडाक्विलिन दिलेल्या ७९ रुग्णांपैकी १० दगावले, तर तुलनेसाठीच्या गटात ८१ पैकी २. या तफावतीचे समाधानकारक कारण सापडले नाही. हृदयाच्या विद्युतलेखातील क्यूटी अंतर वाढते, हा दुष्परिणामही नोंदला गेला. भारतात २०१६ साली हे औषध आरंभी केवळ सहा केंद्रांतून, कडक देखरेखीखाली देण्यात आले, त्यामागे हीच सावधगिरी होती. पुढे दक्षिण आफ्रिकेतील हजारो रुग्णांच्या नोंदींचे विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हे औषध मिळालेल्यांचे मृत्युप्रमाण उलट कमी आढळले.

नव्या औषधाचा धोका जुन्या औषधाच्या धोक्याशेजारी ठेवूनच मोजावा लागतो. कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी अनेकांची श्रवणशक्ती कायमची गेली. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांची श्रवणशक्ती क्षयरोगाच्या उपचारांतच हरपली. बेडाक्विलिनवरील मक्तेदारी लांबविणाऱ्या पेटंट अर्जाला याच दोघींनी २०१९ साली भारतात आव्हान दिले. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने तत्पूर्वीच बेडाक्विलिनला अग्रक्रम देऊन कॅनामायसिन वगळण्याची शिफारस केली होती.

खरी चिंता आहे ती प्रतिरोधाची. बेडाक्विलिन शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते. उपचार थांबल्यावरही त्याचा अंश कित्येक महिने उरतो. सोबतची औषधे मात्र लवकर नाहीशी होतात. रुग्णाने उपचार अर्धवट सोडल्यास जंतूंना या एकाच औषधाचा, तोही अपुऱ्या मात्रेत, सामना करावा लागतो व त्यातून प्रतिरोधी जंतू निवडले जातात. औषध पेशीबाहेर फेकणारी जंतूंची यंत्रणा बळावली, की कुष्ठरोगावरील परिचित क्लोफॅझिमिनही बरोबरीने दुबळे होते.

बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या उपचारक्रमास भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. पूर्वी वीस महिन्यांपर्यंत चालणारा उपचार त्यामुळे सहा महिन्यांवर आला. अर्थात, त्यातील लिनेझोलिडमुळे मज्जातंतू व अस्थिमज्जेला इजा होऊ शकते. त्यासाठी नियमित रक्ततपासणी अटळ ठरते. बेडाक्विलिनविरुद्धच्या प्रतिरोधाची तपासणी मुख्यतः जंतुसंवर्धनावर अवलंबून असून निष्कर्ष हाती येण्यास काही आठवडे लागतात, आणि उपचार तर त्याआधीच सुरू करावे लागतात.