विजेतेपदाचा भाव

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी मागें पडली म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं गांवें एकामागून एक लागतात. यांपैकीं उल्हासनगर हें फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं कल्याणच्या लष्करी छावणींत वसविलेलें गांव. १९४९ सालीं त्यास आजचें नांव मिळालें, आणि रिकाम्या हातांनीं आलेल्या त्या लोकांनीं तेथें मोठी बाजारपेठ उभी केली. लग्नसराई जवळ आली म्हणजे तेथील कापडाचा व्यापारी कोणता माल किती भरावा याचा अदमास बांधूं लागतो. गेल्या वर्षीं खपलें तें यंदाही खपेल एवढ्याच भरंवशावर जो दुकान भरतो, त्याचे तागे फळीवर पडून राहतात. फुटबॉलचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं विजेतेपदाचे दावेदार कोण, हें ठरविणाऱ्याचें कामही याच जातीचें आहे.

इंग्लंडसारख्या देशांत पैजा घेण्याचा धंदा परवान्यानें चालतो. तेथील पेढ्यांत भाव काढण्यासाठीं स्वतंत्र माणसें नेमलेलीं असतात. हंगामाच्या आरंभीं प्रत्येक संघाच्या नांवापुढें तीं एक आंकडा मांडतात. ‘एकास तीन’ असा भाव असला, तर रुपया लावणाऱ्यास संघ जिंकल्यावर तीन रुपये नफा व मूळ रुपया परत मिळतो. याचा अर्थ असा कीं, भाव काढणाऱ्याच्या मतें त्या संघास चारांत एक संधि आहे. भाव म्हणजे भविष्य नव्हे; तें शक्यतेचें मोजमाप आहे.

हें मोजमाप कसें करितात, हें मुंबई सिटी या संघाच्या इतिहासावरून चांगलें समजतें. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा हंगाम साथीमुळें सर्वस्वी गोव्यांत, प्रेक्षकांवांचून खेळला गेला. साखळीच्या शेवटीं मुंबई व एटीके मोहन बागान यांचे गुण सारखेच, म्हणजे ४० होते. परस्परांतील सामन्यांच्या बळावर ढाल मुंबईस मिळाली. पुढें १३ मार्च २०२१ रोजीं त्याच दोन संघांत अंतिम सामना झाला. बिपिन सिंगनें ९० व्या मिनिटास गोल केला आणि चषकही मुंबईकडे आला. वरवर पाहणारा म्हणेल कीं, पुढील वर्षींही हाच संघ अग्रभागीं राहणार. परंतु मध्यंतरीं प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा संघ सोडून गेले. गोलरक्षक अमरिंदर सिंग व ह्यूगो बूमस हे मोहन बागानकडे गेले, तर बार्थोलोम्यू ओगबेचे हैदराबादकडे गेला. परिणाम काय झाला? २०२१-२२ मध्यें मुंबई पांचवी आली. चषक हैदराबादनें नेला, आणि ओगबेचेनें १८ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळविला. त्या वर्षीं मुंबईस पांचव्या स्थानावर पाहणाऱ्या डेस बकिंगहॅम या प्रशिक्षकाच्याच हाताखालीं २०२२-२३ मध्यें तिनें ४६ गुणांनिशीं पुन्हां ढाल जिंकली.

यावरून पहिला नियम निघतो: मुकुट कोणाच्या मस्तकावर आहे हें न पाहतां, कोण गेलें, कोण आलें आणि नव्या प्रशिक्षकास बस्तान बसविण्यास किती अवधि मिळाला, हें पाहावें. दुसरा नियम असा कीं, गुणांबरोबर गोलांचाही ताळेबंद घ्यावा. फुटबॉलच्या एका सामन्यांत साधारणतः अडीच-तीन गोल होतात; त्यामुळें एका चुकीनें किंवा खांबावर आदळलेल्या एका चेंडूनेंही निकाल फिरतो. जो संघ वारंवार एका गोलानें जिंकत आला, त्याच्या गुणांत दैवाचा वांटा असण्याचा संभव असतो. केलेल्या व झालेल्या गोलांतील अंतर जितकें मोठें, तितका विश्वास अधिक ठेवावा.

इतकें करूनही अंदाज चुकतो. इंग्लंडांतील लेस्टर सिटी हा संघ २०१४-१५ मध्यें चौदावा आला होता. पुढील हंगामापूर्वीं त्याच्या विजेतेपदास एकास पांच हजार असा भाव निघाला. २०१५-१६ मध्यें तोच संघ ८१ गुण मिळवून, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलहून दहा गुण पुढें राहून, विजेता ठरला. घडण्यास अवघड आणि घडणें अशक्य, यांतील भेद त्या भावास राखतां आला नव्हता.

मग अंदाज चुकूनही पेढी कशी टिकते? समजा, तीन तुल्यबळ संघ आहेत. न्याय्य भाव प्रत्येकास एकास दोन असावा. पेढी मात्र एकास दीड देते. तिन्ही संघांवर प्रत्येकीं शंभर रुपये लावणाऱ्याचे तीनशें रुपये जातात. कोणीही जिंकला तरी परत अडीचशेंच येतात. पन्नास रुपये पेढीचे. म्हणजे पेढीचा नफा तिच्या ज्ञानांत नसून मुख्यतः भावांतच गुंफलेला असतो. पैज लावणाऱ्यास नुसतें बरोबर असून भागत नाहीं. हा कर फेडून उरेल इतकें अधिक बरोबर असावें लागतें.

महाराष्ट्रांत हा व्यवहार चोरूनच चालतो. १८८७ च्या जुगारबंदीच्या कायद्यानें तो गुन्हा आहे, आणि २०२५ सालीं संसदेनें ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. तरीही उल्हासनगरांत क्रिकेटच्या सट्ट्यावर पडलेल्या धाडींच्या बातम्या वेळोवेळीं छापून येतात. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १८७२ च्या करार कायद्यान्वयें पैजेचा करार रद्दबातल असतो. जिंकलेला पैसा बुकीनें बुडविला तर दाद मागण्यास न्यायालय नाहीं. हरलेला पैसा वसूल करण्यास मात्र बुकी न्यायालयाची वाट पाहत बसत नाहीं. अंबरनाथच्या कारखान्यांत काम करणाऱ्या किंवा बदलापुराहून पहांटेची गाडी गांठणाऱ्या तरुणाच्या पगारास हा दुहेरी धोका आहे.

कोणता संघ कां जिंकेल, याचा विचार करण्यांत खेळाचा अर्धा आनंद आहे, आणि त्यास मोल पडत नाहीं. पेठेंतल्या व्यापाऱ्याचा अंदाज चुकला तर कापड निदान दुकानांत राहतें, पडत्या भावानें कां होईना विकतां येतें. पैज लावणाऱ्याच्या फळीवर कांहींच शिल्लक राहत नाहीं.